हिस्लॉप या आडनावाचा उगम कोणता? महिदपूरचे हिस्लॉप आणि नागपूरचे हिस्लॉप एकाच घराण्यातले होते का?

प्रश्न : चिंचोळकर, धरमपेठ

नमस्कार. आमच्या घरातील तीन पिढ्या नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात शिकल्या. वडिलांची एक जुनी वही माझ्याकडे आहे, तिच्या पुठ्ठ्यावर त्यांनी निळ्या शाईने ‘हिसलाप कॉलेज’ असे ठसठशीत लिहून ठेवले आहे. त्यामुळे हा शब्द आमच्या घरात माणसाच्या नावासारखा कधी वापरलाच गेला नाही. तो एक पत्ता होता, सिव्हिल लाइन्समधला, रिक्षावाल्याला सांगायचा.

आता माझी मुलगी एडिंबरोला नोकरी करते. तिच्या कार्यालयातील एका बाईंचे आडनाव हिस्लॉप आहे, मात्र त्या पहिल्या अक्षरानंतर ‘आय’ न लिहिता ‘वाय’ लिहितात. आमच्या गावात तुमच्या नावाचे मोठे महाविद्यालय आहे, असे मुलीने त्यांना सांगितले तेव्हा त्यांना मोठे नवल वाटले, आणि मग आमच्याकडे प्रश्नांची रांग लागली. ती रांग मी येथे पुढे सरकवतो.

पहिला प्रश्न असा की, या आडनावाचा अर्थ काय आणि ते स्कॉटलंडच्या कोणत्या भागातले आहे? ‘आय’ आणि ‘वाय’ ही दोन वेगळी घराणी समजायची का? त्यांचे एखादे कुळ आणि कुळाचे ठरावीक चौकटींचे कापड असते का? दुसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे आणि तो मला शाळेपासून छळतो. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणाऱ्या इंग्रज सैन्याचे सेनापती सर थॉमस हिस्लॉप होते. आमचे महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहे ते पाद्री स्टीफन हिस्लॉप त्याच वर्षी, ८ सप्टेंबर १८१७ रोजी जन्मले. काका-पुतणे, दूरचे भाऊबंद, असे काही नाते होते काय? आमचे इतिहासाचे मास्तर ‘एकाच घरचे, एकाने तलवार आणली, दुसऱ्याने बायबल’ असे बिनदिक्कत सांगत असत. वर्गात ते वाक्य फार शोभून दिसे, पण मला ते कधीच पचले नाही.

उत्तर : हरळी

चिंचोळकर साहेब, अर्थापासून सुरुवात करतो, कारण अर्थ कळला की आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपोआप मिळते.

हे आडनाव दोन जुन्या शब्दांचे मिळून झाले आहे. पहिला शब्द हेझल या झाडाचा. ज्याच्या बिया हल्ली चॉकलेटात घालून आपल्याकडेही विकायला येतात आणि नातवंडे ज्याचा लगदा पोळीला फासून खातात, तेच हे हेझलनटचे झाड. उत्तर इंग्लंड आणि दक्षिण स्कॉटलंड येथील जुन्या बोलीत त्याला ‘हेसेल’ असे म्हणत. दुसरा शब्द ‘हॉप’. याचा उड्या मारण्याशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत हॉप म्हणजे मुख्य खोऱ्याला बाजूने येऊन मिळणारी, तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेली, एकाच तोंडाने उघडणारी लहान दरी. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात अशा दऱ्या पावलोपावली आहेत आणि तेथील ग्रामनामांत हा शब्द आजही जिवंत आहे. यारो आणि एट्रिक या नद्यांच्या खोऱ्यांत ड्रायहोप आणि कर्कहोप अशी ठिकाणे आहेत, ती याच शब्दाची. इंग्लंडमध्ये डर्बीशायरला ग्लॉसॉप नावाचे गाव आहे, तेथे तर ‘हॉप’ झिजून शेवटी नुसते ‘ऑप’ उरले. ऑलसॉप या आडनावाचे तेच झाले. हिस्लॉपमध्येही मधला हकार असाच गळून पडला आणि ‘हेसेल-हॉप’चे ‘हेस्लॉप’, मग ‘हिस्लॉप’ झाले. तेव्हा एका वाक्यात अर्थ सांगायचा तर ‘हेझलच्या दरीत राहणारा’.

हेझल हे काही आपल्या सागासारखे भारदस्त झाड नाही. ते झुडुपासारखे वाढते, बुंध्यापासून तोडले की पुन्हा बारीक सरळ काठ्यांचे फुटवे येतात, आणि त्या काठ्या वाकवून शेतकरी टोपल्या, मेंढ्यांचे वाडगे आणि कुडाच्या भिंती विणत. गडचिरोलीकडे बांबूला जे स्थान आहे, जवळपास तेच तिकडे हेझलला होते. म्हणून ज्या दरीत हेझलची दाटी असेल ती दरी लोक नावानिशी ओळखत, आणि तेथून कोणी खाली गावात राहायला आला तर त्याला त्या दरीचा म्हणून ओळखत. गावाच्या नावाला ‘कर’ लावण्याची आपली पद्धत आणि ही पद्धत यांत फरक एवढाच की त्यांनी प्रत्यय लावला नाही, जागेचे नाव जसेच्या तसे माणसाला चिकटवले.

कुळाबद्दल आपल्या मुलीच्या सहकारी बाईंची थोडी निराशा करावी लागेल. कुळे, त्यांचे सरदार आणि गेलिक भाषा ही मूळची उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशाची व्यवस्था. हिस्लॉप हे दक्षिणेचे, सीमेलगतच्या मुलखातले आणि इंग्रजी कुळीच्या भाषेतले नाव आहे. ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या नावांत बापाचे नाव असते, येथे झाडाचे आणि दरीचे आहे. चौकटींच्या कापडाविषयी इतकेच म्हणेन की पर्यटकांच्या दुकानात गेल्यास कोणत्याही आडनावाला कापड मिळते, आपल्या चिंचोळकरांनाही मिळेल.

उत्तर : टाकळघाट मार्गे

वरील उत्तर उत्तम आहे. नात्याच्या प्रश्नाबद्दल मी लिहितो.

आपल्या मास्तरांचे वाक्य गोंडस असले तरी ते नुसत्या आडनावाच्या खुंटीवर टांगलेले आहे. दोन्ही माणसांची घरे पाहिली तर ती खुंटी किती कच्ची आहे हे दिसते. थॉमस हिस्लॉप १७६४ साली जन्मले. त्यांचे वडील राजाच्या तोफखान्यात लेफ्टनंट कर्नल होते, म्हणजे हे लष्करी पेशाचे घराणे. थॉमस हे १८०३ पासून १८११ पर्यंत वेस्ट इंडीजमधील त्रिनिदादचे गव्हर्नर होते, पुढे मद्रास फौजेचे सरसेनापती झाले, आणि १८१३ मध्ये त्यांना बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. उलट स्टीफन हिस्लॉप हे बेरिकशायरमधील डन्स या लहानशा गावचे. त्यांचे वडील गवंडी होते आणि गावातील रिलीफ चर्च नावाच्या, सरकारमान्य चर्चपासून फुटून निघालेल्या पंथाचे वडीलधारे कारभारी होते. थोरले भाऊ अलेक्झांडर हेही धर्मोपदेशक झाले आणि आर्ब्रोथ येथे राहिले. एकीकडे तोफखाना, गव्हर्नरी आणि पदवी, दुसरीकडे करणी, ओळंबा आणि बंडखोर चर्च. एकाच घराण्याच्या दोन शाखांत एवढे अंतर पडू शकते, हे मान्य. पण ते नाते सिद्ध करण्याचे ओझे दावा करणाऱ्याच्या डोक्यावर असते, आणि ‘आडनाव एक’ एवढाच पुरावा हाती असेल तर तो पुरावा नव्हेच.

याचे कारण हरळी यांनी सांगितलेल्या अर्थातच आहे. हेझलची दरी काही जगात एकच नव्हती. आपल्याकडचे बोरकर घ्या. विदर्भात बोरी आणि बोरगाव नावाची गावे इतकी आहेत की एका तालुक्यात दोन सापडावीत, आणि तिकडे गोव्यात फोंडा तालुक्यातही एक बोरी आहे. त्या बोरीचे बोरकर आणि आपल्याकडचे बोरकर यांची जात निराळी, बोली निराळी, कुलदैवत निराळे. जेथे जेथे बोरीचे झाड, तेथे तेथे बोरी गाव, आणि जेथे बोरी गाव तेथून निघालेला बोरकर. हिस्लॉप हे तिकडचे बोरकर आहेत असे समजा, म्हणजे दोन हिस्लॉप भेटले की लगेच वंशावळ जोडण्याचा मोह आवरता येईल.

ही बोरकरांची उपमा मी उगीच दिलेली नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी स्टीफन हिस्लॉप यांचा मृत्यू झाला तो बोरीजवळच. नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट येथे जुनी शिळावर्तुळे आहेत. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ते ती पाहायला गेले होते, आणि बोरीकडच्या मुक्कामाला परतताना वाटेत फुगलेल्या नाल्यात घोड्यासह उतरले ते बुडाले. आणखी चार दिवसांनी त्यांना सेहेचाळीस वर्षे पूर्ण झाली असती. त्या भागातील काळ्या मातीतले नाले ज्यांनी भाद्रपदात पाहिले आहेत त्यांना यात काही अद्भुत वाटणार नाही. सकाळी घोटाभर असलेले पाणी वर कोठे तरी पाऊस कोसळला की तासाभरात छातीला लागते, आणि काठाची माती साबणासारखी निसरडी झालेली असते. तेव्हा हेझलच्या दरीचे नाव लावणारा हा माणूस बोरीच्या झाडाच्या नावाच्या गावाजवळ गेला. हा निव्वळ योगायोग आहे, पण माझ्या डोक्यातून तो जात नाही.

थॉमस हिस्लॉप यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असावी. महिदपूरच्या विजयाने त्यांचे नाव झाले, आणि दोनच महिन्यांत थाळनेरने ते डागाळले. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावर इंग्रज अधिकारी आत शिरल्यावर चकमक उडाली आणि त्यांपैकी काही मारले गेले. त्यानंतर शिबंदीची सरसकट कत्तल झाली आणि किल्लेदाराला हिस्लॉप यांच्या हुकमाने फासावर लटकावण्यात आले. ब्रिटिश पार्लमेंटात जेव्हा या मोहिमेबद्दल आभाराचा ठराव आला तेव्हा थाळनेरचे कृत्य त्यातून मुद्दाम वगळण्यात आले. खानदेशात हिस्लॉप म्हटले की थाळनेर आणि नागपुरात हिस्लॉप म्हटले की महाविद्यालय, आणि दोन्ही ठिकाणची माणसे आपापल्या जागी बरोबर आहेत.

या सेनापतींचा वंश मात्र हिस्लॉप नावाने पुढे चालला नाही. १८४३ मध्ये ते वारले आणि बॅरोनेट पदवी त्यांच्याबरोबरच संपली. त्यांची मुलगी एमा ही मिंटोच्या तिसऱ्या अर्लला दिली होती, आणि तिचा मुलगा म्हणजे १९०५ ते १९१० या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय असलेला लॉर्ड मिंटो, मोर्ले-मिंटो सुधारणांतला. महिदपूरच्या सेनापतीचा नातू कलकत्त्यात व्हाइसरॉय झाला, आणि तेथे हिस्लॉप हे आडनाव मातुल घराण्याचे असल्यामुळे दिसेनासे झाले. घराण्याचा इतिहास आडनावाच्या मागे मागे जाऊन लिहिला की असे अर्धे माणूस गळते.

उत्तर : कोष्टक

‘आय’ आणि ‘वाय’ यांचा खुलासा राहून गेला आहे. मी व्यवसायाने अभिलेखपाल होतो, त्यामुळे कारकुनांच्या हस्ताक्षरावर माझा जन्म गेला.

स्कॉटलंडमध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सरकारी सक्तीची नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्यापूर्वी या नोंदी चर्चच्या परगण्यांच्या वह्यांत होत. नाव सांगणारा बहुधा निरक्षर किंवा अर्धसाक्षर, लिहिणारा पाद्री किंवा त्याचा कारकून, आणि कानाला आले तसे कागदावर उतरले. त्यामुळे एकाच बापाच्या दोन मुलांच्या नोंदी दोन वेगळ्या वर्णांनी लिहिलेल्या आढळल्या तरी दचकू नये. आपल्याकडे चौधरी हे देवनागरीत एकच, पण इंग्रजीत उतरताना एका भावाच्या प्रमाणपत्रावर एक आणि दुसऱ्याच्या पारपत्रावर दुसरे, हे काय कमी पाहिले आहे? माझ्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत एका कार्यालयाने माझे आडनाव एका ‘ए’ने आणि दुसऱ्याने दोन ‘ए’ने लिहिले, आणि मी एकच माणूस आहे हे सिद्ध करण्यासाठी मला शंभर रुपयांच्या मुद्रांक कागदावर प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागले.

तरीही या लेखनभेदांना एक भौगोलिक कल आहे. ‘आय’ने लिहिलेले हिस्लॉप मुख्यतः आग्नेय स्कॉटलंडमध्ये, म्हणजे बेरिकशायर, एडिंबरो आणि त्याच्या आसपासच्या भागात आढळतात. ‘वाय’ने लिहिलेले नैर्ऋत्येस, डम्फ्रीशायर आणि एअरशायर या बाजूला अधिक दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे कवी जेम्स हिस्लॉप हे ‘वाय’वाले आणि डम्फ्रीशायरमधील कर्ककॉनेलचे. सीमा ओलांडून इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड आणि डरहॅम या परगण्यांत आलात की तेच नाव ‘ई’ने, हेस्लॉप असे लिहिलेले भेटते. हे तीन कप्पे काही बंद पेट्या नव्हेत, माणसे कामाच्या शोधात इकडून तिकडे जात राहिली. पण आपल्या मुलीच्या सहकारी बाईंना शोध घ्यायचा असेल तर मी त्यांना नैर्ऋत्येपासून सुरुवात करायला सांगेन.

शोध घेताना दोन खाचखळगे लक्षात ठेवावेत. एक, जे कुटुंब रिलीफ चर्चसारख्या फुटीर पंथात होते त्याच्या नोंदी परगण्याच्या वहीत नसण्याची शक्यता बरीच असते, म्हणजे वहीत नाव नाही म्हणून माणूस नव्हता असे होत नाही. दुसरा खळगा सुखद आहे. स्कॉटलंडच्या कागदपत्रांत लग्न झालेल्या स्त्रीचे माहेरचे आडनाव सहसा टिकवलेले असते, मृत्यूच्या नोंदीत आणि थडग्यांच्या दगडांवरसुद्धा. वर एमा हिस्लॉप यांच्याबद्दल जे लिहिले आहे ते त्यामुळेच इतक्या सहज सापडते. आपल्याकडे आजीचे माहेरचे आडनाव विचारले तर निम्म्या घरांत गप्प बसावे लागते.

जगभरच्या प्रसाराबद्दल थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधून जी माणसे बाहेर पडली त्यांच्याबरोबर हे नाव कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे गेले. न्यूझीलंडच्या राजधानीत, वेलिंग्टन येथे, हिस्लॉप पितापुत्र दोघेही वेगवेगळ्या काळी महापौर होते. वेस्ट इंडीजमध्येही हे नाव चांगले रुजले आहे. फुटबॉल पाहणाऱ्यांना शाका हिस्लॉप आठवतील, २००६ च्या विश्वचषकात स्वीडनला एकही गोल करू न देणारे त्रिनिदादचे गोलरक्षक. येथेही कोणी लगेच ‘गव्हर्नर थॉमस हिस्लॉप यांचे वंशज’ असे म्हणू नये. त्या बेटांवर स्कॉटिश मळेवाले, मुकादम आणि कारकून मोठ्या संख्येने होते, आणि गुलामीत जन्मलेल्या माणसांना मालकाचे, मुकादमाचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्याचे आडनाव मिळत असे. तेथे एका आडनावात रक्ताचे नाते, मालकीचा शिक्का आणि निव्वळ कारकुनी सोय या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि कागदाशिवाय त्या सोडवता येत नाहीत.

उत्तर : गोटे वेचणारी

एक छोटी भर घालते, कारण भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव महाविद्यालयाच्या पाटीपेक्षा वेगळ्या जागी भेटते.

स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले ते धर्मप्रसारासाठी आणि शाळेसाठी, पण सुटी मिळाली की हातोडा घेऊन दगड फोडत हिंडत. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूरच्या पश्चिमेकडील टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकातून गोड्या पाण्यातील शंखशिंपले आणि वनस्पतींचे अवशेष गोळा केले. ज्वालामुखीचे दोन उद्रेक होण्यादरम्यान येथे तळी होती आणि त्यांत जीव नांदत होते, याचा तो पुरावा. ती टाकळी आता शहराच्या पोटात गेली आहे.

या कामामुळे हेझलच्या दरीचे नाव विज्ञानातही शिरले. हिरवट छटेच्या एका कॅल्साइटला हिस्लोपाइट असे नाव १८५९ मध्ये दिले गेले, आणि गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या एका सूक्ष्म प्राण्याच्या प्रजातीला कार्टर यांनी १८५८ मध्ये हिस्लोपिया म्हटले. म्हणजे नागपुरात एकही हिस्लॉप कुटुंब नसले तरी आपल्या तळ्यांत हिस्लॉप राहतात. महाविद्यालय १८८३ मध्ये उभे राहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. प्राण्याला नाव आधी मिळाले.

उच्चाराबद्दल : आघात पहिल्या ‘हिस्’वर असतो आणि शेवटचा भाग आखूड, जवळजवळ गिळलेला. त्यामुळे चिंचोळकर काकांच्या वडिलांनी पुठ्ठ्यावर लिहिलेले ‘हिसलाप’ आपल्या लांबलचक ‘हिस्लॉऽप’पेक्षा मूळ उच्चाराला जास्त जवळ आहे असे मला वाटते. ती वही जपून ठेवा.

चिंचोळकर, धरमपेठ

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला ही सगळी उत्तरे वाचून दाखवली आणि तिने दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुटीत सहकारी बाईंना सांगितली. कोष्टक यांचा नेम अचूक लागला : बाईंचे पणजोबा डम्फ्रीशायरमधून रेल्वेच्या नोकरीसाठी एडिंबरोला आले होते, एवढे त्यांना घरच्या बोलण्यातून ठाऊक होते. कापडाबद्दलची टिप्पणी ऐकून त्या हसल्या, कारण त्यांच्याकडे तसला एक गळपट्टा आधीच आहे आणि तो त्यांनी चांगल्या किमतीला घेतला होता. मास्तर आता नाहीत, नाही तर त्यांना तोफखाना आणि गवंडीकाम यांचा तपशील नेऊन दाखवला असता.

त्यानंतर बाईंनी मुलीला साहजिकच उलट विचारले की, तुमच्या आडनावाचा अर्थ काय. चिंचांच्या गावचे, असे तिने सांगितले. कोणते गाव, असे त्यांनी विचारले, तेव्हा तिने मला फोन केला. मी काटोलच्या बाजूचे चिंचोली म्हणालो, माझ्या चुलतभावाला विचारले तर तो हिंगणघाटच्या बाजूचे म्हणाला, आणि वर्ध्याच्या आत्याचे म्हणणे असे की दोन्ही चूक, आपण मूळचे अमरावतीकडचे. कोष्टक, जुन्या सातबाऱ्यांवरून आणि बंदोबस्ताच्या कागदांवरून हे शोधायचे झाल्यास सुरुवात कोठून करावी?